मिश्री आणि माझा डावा पाय

तंबाखू सोडा म्हणून सांगितलं आहे आणि सुटत नाही, अशा माणसांसाठी मी हे लिहिते आहे. ज्यांची एका दिवसात सुटली त्यांनी वाचलं नाही तरी चालेल. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे रोगाचं शास्त्र माझ्याकडून ऐकू नका, ते डॉक्टरांना विचारा. माझ्यावर काय गुदरलं आणि त्यात मी किती लपवाछपवी केली, तेवढं मी सांगू शकते.

माझं माहेर निपाणीकडचं. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. लग्न होऊन मी हुबळीला आले. यांचं तिथल्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान. घरात आम्ही तिघं, हे, मी आणि मुलगा विलास. विलास तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. धाकटी बहीण सुमन धारवाडला सप्तापुरात राहते, तिचे यजमान शाळामास्तर होते.

मिश्री ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. ती पूड तळहातावर घेऊन बोटानं दातांना, हिरड्यांना चोळायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग चूळ भरायची. आमच्याकडच्या बायका याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. व्यसन म्हणजे बिडी, सिगारेट, पानतंबाखू, आणि ते पुरुषांचं. मी सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावायची, परसाकडं जायच्या आधी लावायची, जेवण झालं की लावायची, कुणी टाकून बोललं की लावायची. डबी कायम कमरेला.

बिडी ओढता का

दोन हजार साल उजाडायला दोन-तीन वर्षं होती. मी पंचेचाळीशीची होते. डाव्या पोटरीत गोळे यायला लागले. बाजारातून घरी येताना वाटेत दोनदा थांबावं लागायचं. मग पाऊल गार पडायला लागलं. चप्पल लागून अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली, ती हळद भरूनही भरेना. बोटाचं टोक काळं पडलं तेव्हा हे मला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथले मोठे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझ्या घोट्यापाशी नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग कन्नडमध्ये विचारलं, "बीडी सेदतीरेनु?" म्हणजे बिडी ओढता का.

माझ्या आधी हेच तडकले. "अहो डॉक्टर, आमच्या घरातल्या बायका बिडी ओढतात होय?"

"रागावू नका. हा रोग बहुतेक बिडी ओढणाऱ्या पुरुषांना होतो. बाईला झालेला मी फार क्वचित पाहिलाय. अम्मा, तंबाखू खाता काय?"

"नाही," मी म्हटलं.

"पानातून?"

"पानच खात नाही."

"आणि तुम्ही?" त्यांनी यांना विचारलं.

"ओढत होतो, सिगारेट. छातीत कळ आली त्या दिवशी पाकीट गटारात टाकलं. परत हात लावला नाही." हे सांगताना यांची मान नेहमी थोडी ताठ व्हायची.

डॉक्टरांनी कागदावर तंबाखू नाही असं लिहिलं. आपण खोटं बोललो असं मला मनातसुद्धा आलं नाही. मी त्या सकाळी तीनदा मिश्री लावून आले होते.

वॉर्ड

पहिल्यांदा दीड महिना होते. सकाळी झाडू, मग ताप बघायला नर्स, मग पट्ट्या बदलायची गाडी. ती गाडी एका टोकापासून सुरू व्हायची आणि खाटेमागून खाट ओरडणं जवळ येत जायचं. आपली पाळी येईपर्यंत निम्मा जीव जायचा. माझ्याभोवती सगळ्या साखरेच्या रोगानं पाय सडलेल्या बायका होत्या. त्यांना निदान आपल्याला काय झालंय ते ठाऊक होतं. माझ्या पायाचं कारण कुणाला सापडत नव्हतं. पाय सरळ केला की ठणका असा चढायचा की मी पाय खाटेखाली सोडून बसूनच राहायची. रडले नाही असं म्हणणार नाही. शेजारच्या खाटेवरची बाई रोज घरून आलेली ज्वारीची भाकरी माझ्यासाठी अर्धी मोडून ठेवायची. तिचं नाव मी विचारलं नाही आणि एक दिवस ती खाट रिकामी झाली.

माझ्या पायाची दोन बोटं काढली. जखम भरत आली की परत चिघळायची. मी दिवसातून सात-आठदा काठी टेकत मोरीत जायची आणि मिश्री लावून यायची.

तिथंच मला डॉक्टरबाईंनी पकडलं. शैलजा त्यांचं नाव. वॉर्डातल्या सगळ्यात तरुण डॉक्टर, धारवाडच्या, मराठी-कन्नड मिसळून बोलायच्या. मोरीच्या दारात त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या हाताच्या काळ्या बोटाकडं बघायला लागल्या.

"हे काय लावताय?"

"मिश्री. दात घासतेय."

"भर दुपारी? कशाची करतात ही?"

"तंबाखूची."

"अय्यो! आणि कागदावर तंबाखू नाही म्हणून लिहिलंय!"

"खात कुठं आहे? थुंकून टाकते की."

त्या तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. "अहो, थुंकलं तरी हिरडीतून रक्तात जातं. तुमच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतायत त्या यानंच. वर औषध देऊन काय उपयोग? नीट ऐका. ही थांबली तर पाय राहील. नाही थांबली तर गुडघ्याखालून जाईल. मध्ये दुसरं काही नाही."

मी डबी त्यांच्या हातात दिली. मला वाटलं, संपलं.

चार दिवस

घरी सोडलं तेव्हा यांनी फळीवरचे डबे, तांदळाचं पिंप, देवाच्या मागचा कोनाडा, सगळं धुंडाळून मिश्री फेकून दिली. सुमन मदतीला येऊन राहिली.

पहिल्या दिवशी दुपारपासूनच हिरड्यांना मुंग्या यायला लागल्या. डोक्यात माशी कोंडल्यासारखं व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. पोट साफ होईना. हे भात कालवून जेवायचे, त्याचा आवाज मला सहन होईना. विलासनं पाणी हवं का म्हणून विचारलं तर मी त्याच्यावर तांब्या फेकला. ठणकणाऱ्या बोटांचं मला काही वाटेना. सगळं शरीर एकच गोष्ट मागत होतं.

सुमन समोर बसून मटार सोलत होती. "अक्का, मीही लावतच होते की. पहिल्या बाळाच्या वेळी टाकली. परत आठवण म्हणून आली नाही."

"तू मोठी संत आहेस."

"संत कशाला? मन घट्ट केलं की होतं."

"माझं मन मऊ आहे होय?"

"तसं नाही म्हणत. पण भाऊजींनीसुद्धा एका दिवसात सोडली की सिगारेट. पाय जायची वेळ आली तरी तुला जमू नये? लोक काय म्हणतील?"

"सुमे, तुझा बोजा उचल आणि धारवाडला चालती हो."

ती खरंच गेली. निम्मे मटार तसेच राहिले. त्यानंतर बरेच दिवस आम्ही बोललो नाही. एकाच आईच्या आम्ही, एकाच तव्यावरची मिश्री लावलेली, आणि तिला आठवणसुद्धा येत नाही. तेव्हा मी एकच अर्थ काढला, की तिच्यात काही चांगलं आहे ते माझ्यात नाही. घरातल्या सगळ्यांनी तोच अर्थ काढला होता.

मिरच्या भाजायचा दिवस

हे लिहायला मला लाज वाटते, पण हेच न लिहून उपयोग नाही.

मिश्री भाजली की वास गल्लीभर जातो, त्यामुळे चोरून भाजता येत नाही. भांडी घासायला येणाऱ्या बाईकडून मी तंबाखूची पानं मागवली. तिला स्वतःलाच मिश्री लागायची, त्यामुळे तिनं काही विचारलं नाही. मग मी यांना म्हटलं, वर्षाचा मसाला करायचा राहिलाय. हे खूश झाले, बायको उठून कामाला लागली म्हणून. मिरच्या आणल्या, मी स्टुलावर बसून भाजल्या. घरभर असा ठसका उठला की शेजारच्या घरातही खोकायला लागले. त्याच तव्यावर, त्याच ठसक्यात, मी तंबाखू भाजून घेतली. हे दुकानातून आले ते शिंकतच. "मसाला झणझणीत झालाय," म्हणाले.

पाचव्या दिवसापासून मी परत लावायला लागले. पहिल्या बोटासरशी डोकं शांत झालं. पुढं तीन महिने मी सगळ्यांना सुटली म्हणून सांगत होते. डॉक्टरबाईंनाही. त्या जखम बघायच्या आणि मग माझ्याकडं बघायच्या.

पाय

पाऊल घोट्यापर्यंत काळं झालं. आता कुणी काही विचारायचं राहिलंच नव्हतं. दवाखान्यात न्यायला मला उचललं तेव्हा कमरेची डबी खाली पडली. यांनी ती उचलून उघडली, वास घेतला.

"पायापेक्षा ही जास्त झाली तुला?"

मला पाय हवा होता. मिश्री मला नको होती. तरी मी ती लावत होते. हे ज्याच्यावर आलं नाही त्याला सांगून कळत नाही.

कागदावर सही मी मराठीत केली. कमरेखाली बधिर केलं. कानाला बधिर करत नाहीत. एवढंच सांगते, बाकीचं कुणाच्या उपयोगाचं नाही.

कापलेला पाय घरच्यांना देतात, हे मला माहीत नव्हतं. यांनी आणि विलासनं तो कापडात बांधून नेला आणि कुठंतरी पुरला. दुकानातल्याच कापडात बांधला असणार. कुठं पुरला ते मी विचारलं नाही. विलास तीन दिवस जेवला नाही, हे मला नंतर कळलं.

नसलेला पाय दुखतो. तसं आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं सांगून ठेवते. वेड लागलेलं नसतं, घाबरू नका.

कोण कोणासारखं

टाके निघाले त्या आठवड्यात उजव्या पायाचा अंगठा गार लागायला लागला.

डॉक्टरबाईंनी घरच्या सगळ्यांना बोलावलं. हे आले, विलास आला, निरोप मिळून सुमनही आली. ती माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, माझ्याकडं बघेना. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणी खायची आहेत. पण डॉक्टरबाई भलतंच विचारायला लागल्या. पहिल्यांदा मिश्री लावली तेव्हा काय झालं?

"गरगरलं," मी म्हटलं. "पण बरं वाटलं. तासाभरात परत लावली."

"आणि तुम्हाला?" सुमनला विचारलं.

"मला उलटी झाली. मग मी सकाळी एकदाच, नखाएवढी. जास्त लावली की दिवसभर मळमळायचं."

"आईवडील?"

आई एकादशीला दिवसभर मिश्री लावायची नाही आणि तिला त्याचं काहीही व्हायचं नाही. वडिलांची बिडी विझायची नाही. बिडी संपली तर ते वखारीतला केर चाळून कागदात वळून ओढायचे. दम्यानं गेले. शेवटच्या दिवसांत श्वास घेता येत नव्हता तरी बोटांनी खुणा करून बिडी मागायचे. हे मी सांगितलं आणि सांगता सांगता माझंच मला दिसायला लागलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तंबाखूत एक द्रव्य असतं, त्याचीच चटक लागते. आपलं लिव्हर ते संपवतं. काहींचं लिव्हर सावकाश संपवतं. त्यांना थोडी पुरते, जास्त झाली की मळमळतं. काहींचं भराभर संपवतं. तासाभरात रक्त रिकामं, की डोकं परत मागायला लागतं. अशांना सोडताना त्रास जास्त होऊ शकतो. डोकं ते द्रव्य कसं धरून ठेवतं, त्यातही माणसामाणसात फरक असतो. यातलं पुष्कळसं आईबापांकडून येतं, नाकडोळे येतात तसं. सगळंच त्यावर असतं असं नाही. पण दोन सख्ख्या बहिणींत एवढा फरक पडू शकतो."

"रक्त तपासून सांगा मग," हे म्हणाले.

"तशी तपासणी इथं होत नाही. तुम्ही सांगितलं त्यावरून माझा अंदाज आहे, एवढंच."

हे मग म्हणाले, "म्हणजे मी सिगारेट सोडली त्यात माझं काहीच नाही?"

डॉक्टरबाई हसल्या. "तुमचं आहेच हो. पण तुम्हाला त्रास किती झाला? डोकं दुखलं?"

"दोन दिवस थोडं."

"यांनी चार दिवस सोसलं ते तुमच्या दोन दिवसांपेक्षा फार जास्त होतं. तरी तुमचं कौतुक झालं आणि यांना बोलणी बसली."

यांना ते लागलं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

सुमन माझ्या उशाशी येऊन बसली. "अक्का, मी तुला उगाच बोलले."

"बोललीस."

"राग आहे?"

"आहे. पाणी दे."

आता ऐका, मी काय केलं ते. रक्तातच आहे म्हटल्यावर मला मोकळं वाटलं. इतकं मोकळं वाटलं की दुसऱ्याच दिवशी वॉर्ड झाडणाऱ्या बाईकडून मी चिमूटभर मिश्री मागून घेतली. बापाकडून आलंय, मी काय करणार, असं म्हणून लावली. डॉक्टरबाईंना मी हे स्वतः सांगितलं. एवढं एक माझ्याकडून चांगलं झालं. त्या चिडल्या नाहीत.

"मी वेगळ्यासाठी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्रास जास्त होणार हे आधी कळलं असतं, तर मी तुम्हाला घरी पाठवून नुसतं सोडा म्हटलं नसतं. तेवढी माझी चूक. आता इथंच सोडायची. घरी नाही."

ब्रश

परत तीन आठवडे वॉर्ड. तंबाखूचं द्रव्य घातलेल्या गोळ्या चघळायला मिळतात म्हणे, पण माझ्या रोगात तेही चालत नाही. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्यांनी तोंड कोरडं पडायचं, पण डोक्यातली माशी थोडी गप्प बसायची. मिश्रीचं बोट तोंडात घालायचंच नाही असं ठरलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी ब्रशनं दात घासायला शिकले. पहिल्या दिवशी तोंडभर रक्त आलं.

तलफ उठली की थोडा वेळ टिकते आणि उतरते, हे मला तिथं कळलं. ती कायमची वाटते, पण उतरते. तेवढ्या वेळात लवंग चावायची, कुबड्या घेऊन खिडकीपर्यंत जायचं, कुणाला तरी शिव्या द्यायच्या. शिव्या खायला सुमन होती. तिनं सप्तापूरचं घर नवऱ्यावर टाकलं आणि खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून राहिली. या वेळी मन घट्ट कर असं एकदाही म्हणाली नाही. "शिव्या नवीन शोध अक्का, त्याच त्याच देतीस," एवढं म्हणायची. हे दुकान लवकर बंद करून यायचे आणि माझ्या उशाशी बसायचे. नर्सला सिगारेटची गोष्ट सांगायला लागले की मी बघायची. मग थांबायचे.

घरी जायच्या आधी यांनी भांडीवाल्या बाईला, शेजारणींना, सगळ्यांना स्वतः जाऊन सांगितलं, हिला मिश्री देऊ नका, मागितली तर मला सांगा. नवरा बायकोची ही गोष्ट दारोदार सांगत फिरला, याची मला फार लाज वाटली. त्या लाजेनं माझा उजवा पाय राखला असं मला वाटतं.

त्यानंतर मी मिश्री लावली नाही. आता सत्तरी ओलांडली आहे. उजव्या पायाला पाच बोटं आहेत. डाव्याला खोटा पाय लावते, घरात कुबडी वापरते. हे चार वर्षांमागं गेले.

इच्छा जाते का, असं लोक विचारतात. माझी गेली नाही. कमी झाली. कुणाची पुरती जात असेल, ते ज्याच्या त्याच्या अंगावर आहे. माझी गेली नाही म्हणून तुमची जाणार नाही असं समजू नका, आणि दुसऱ्याची सहज गेली म्हणून स्वतःला हलकं समजू नका.

एक राहिलं. घरी आल्यावर महिनाभरानं विलास माझ्याजवळ येऊन बसला. तो बापासमोर ओढत नसे, पण त्याच्या शर्टाला येणारा वास आम्हा दोघांनाही माहीत होता. बराच वेळ खोट्या पायाचा पट्टा हातात घेऊन बसला होता.

"आई, मग मी कोणासारखा? पप्पांसारखा की तुझ्यासारखा?"

"कारखान्यात सुट्टी होईपर्यंत ओढायला मिळत नाही ना? तोवर काय होतं?"

त्यानं खाली बघितलं. "काम सुचत नाही. हात थरथरतात. परवा लेथवर चढवलेला जॉब वाया गेला."

"मग माझ्यासारखा," मी म्हटलं. "कुबडी दे इकडं. डॉक्टरबाईंकडं जाऊ. तुला वेळ लागणार आहे."